सत्तेचाळीस नंबरचा दगड

मुरुमपासून अकरा किलोमीटरवर, जिथं डांबरी रस्ता कंटाळून मातीचा होतो, तिथं मधली वस्ती आहे. तेरा झोपड्या, एक हातपंप आणि बाकी सगळा दगड. वस्ती पाथरवटांची. घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि भांडण रंगात आलं की मराठी. महाराष्ट्राच्या नकाशात ही वस्ती कर्नाटकात आहे आणि कर्नाटकाच्या नकाशात महाराष्ट्रात. दोन्ही नकाशे सरकारी असल्यामुळं दोन्ही खरे.

वस्तीची दखल घेणारा एकच होता, तो म्हणजे मोबाइल. बाई हंडा घेऊन पंपाकडं निघाली की कमरेचा फोन वाजायचा, कर्नाटकात आपलं स्वागत आहे. हंडा भरून परतली की महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. दिवसातून चाळीस वेळा. रेवणसिद्ध पाथरवट म्हणायचा, "सासुरवाडीत बी आमचं एवढं करत न्हाईत."

बाकी कुणाचं येणंजाणं नव्हतं. मतं मागायलाही कोणी फिरकायचं नाही, कारण मतं नव्हती. म्हणून नऊ वर्षांपूर्वी रणधीर अल्हाट हा पास्टर स्कूटरवरून वस्तीत आला आणि "मी तुमच्यासाठी आलोय" म्हणाला, तेव्हा लोकांनी त्याला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "रस्ता चुकलाव का?"

रणधीर मूळचा धाराशिवचा. चर्चच्या मंडळीनं त्याला या भागात सेवेला पाठवलं, त्यानं मुरुमला खोली घेतली आणि दर मंगळवारी वस्तीवर यायला लागला. नऊ वर्षांत एकाही माणसानं बाप्तिस्मा घेतला नाही. रणधीरला खंत होती, पण घाई नव्हती. दर महिन्याला धाराशिवच्या कार्यालयात अहवाल जायचा. त्यात 'प्रार्थनेचं फळ' असा एक रकाना होता. रणधीर तिथं 'पेरणी चालू आहे' असं लिहायचा. आठ वर्षं कार्यालय काही बोललं नाही. नवव्या वर्षी त्यांनी उलट टपाली विचारलं, 'पाऊस कधी?'

रणधीरच्या गोष्टी छोट्या असायच्या आणि प्रार्थना लांब. आदामाला हाताशी धरून तो निघायचा, वाटेत एकाही संदेष्ट्याला न वगळता उमरगा तालुक्यापर्यंत यायला त्याला पाऊण तास लागायचा. तोवर वस्तीत डोळे मिटून मान खाली घातली नाही असा माणूस उरायचा नाही. या भक्तीनं रणधीरचं मन भरून यायचं. दात येणारी पोरं रडायला लागली की आया मंगळवारची वाट बघायच्या. एकदा वस्तीचं कुत्रं आठ दिवस सारखं भुंकत होतं. ते मंगळवारी आमेनच्या आधी आडवं झालं आणि गुरुवारी उठलं. रणधीरनं हा देवाचा स्पर्श मानला.

गोष्टी मात्र लोक टक्क जागे राहून ऐकायचे. त्यातही कडूबाई. रेवणसिद्धची ही आई सत्तरीच्या पुढची, आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी गोष्ट ऐकायची. लुळ्या माणसाची गोष्ट रणधीरनं सांगितली तेव्हाचं बघा. चौघांनी त्याला बाजेसकट छपरातून खाली सोडलं, आणि येशूनं त्याला बरं करून सांगितलं, की आता तुझी बाज उचल आणि घरी जा.

"छप्पर मागनं कुनी शाकारलं?" कडूबाईनं विचारलं.

"ते दिलेलं नाही, आजी."

"बरं. बाज घेऊन गेला ते घर कुठल्या हद्दीत व्हतं?"

"तेही शास्त्रात नाही."

"मंग अर्धीच गोष्ट हाय," कडूबाई म्हणाली. "तरी बरी हाय."

तर असं सगळं सुखानं चाललं होतं, आणि तेवढ्यात कडूबाईची नात, रेवणसिद्धची पोरगी श्रीदेवी बारावीला शहाऐंशी टक्के घेऊन बसली.

पोरगी वस्तीतनं चार किलोमीटर चालत शाळेला जायची. तिथल्या मास्तरांनी कागद न विचारता पटावर घेतलं होतं, म्हणून इथवर आली. आता धाराशिवच्या नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. तिला नर्सच व्हायचं होतं, आणि त्याचं कारण वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. श्रीदेवी सहा वर्षांची असताना तिची आई दुसऱ्या खेपेला अडली. फोन केल्यावर गाड्या आल्या, नाही असं नाही. दोन्हीकडून आल्या. एक अलीकडं अर्ध्या किलोमीटरवर थांबली, एक पलीकडं अर्ध्या किलोमीटरवर, आणि पेशंट कुणाच्या हद्दीत आहे ते वरून कळेपर्यंत दोन्ही चालू इंजिनानिशी उभ्या होत्या. कळलं, पण दुसऱ्या दिवशी. तोवर आई गेली होती. तेव्हापासून श्रीदेवी अभ्यास करायची.

कॉलेजला रहिवासी दाखला पाहिजे होता. चौदा ऑगस्टला संध्याकाळी पाचपर्यंत. नाहीतर जागा पुढच्या नावाला.

अलीकडचे, म्हणजे महाराष्ट्राचे, तलाठी भीमाशंकर आणि पलीकडचे तलाठी महालिंगप्पा, दोघंही सज्जन. रोज नाक्यावरच्या हॉटेलात एकाच बाकावर बसून चहा घ्यायचे. श्रीदेवी आणि रणधीर अर्ज घेऊन गेले, तेव्हा भीमाशंकरनी वाचून तो प्रेमानं महालिंगप्पांपुढं सरकवला, महालिंगप्पांनी वाचून तितक्याच प्रेमानं परत सरकवला. बशीतला चहा संपेपर्यंत अर्ज सहा वेळा राज्य ओलांडून गेला.

"पोरगी गुणी हाय," भीमाशंकर म्हणाले. "पण म्या डोळ्यांनं बघितल्याबिगर लिहीत न्हाय. बावीस वर्षांत एक अक्षर लिहिलं न्हाय. तिथं हद्दीचा दगड व्हता, सत्तेचाळीस नंबरचा. शेहेचाळीस हाय, अठ्ठेचाळीस हाय, आन् मधलाच न्हाय. तेवढा दाखवा. घर दगडाच्या अलीकडं निघालं तर तिथंच बसून दाखला देतो."

"पलीकडं निघालं तर?" श्रीदेवीनं विचारलं.

"तर आमच्याकडं पंधरा वर्षांचे पुरावे लागतात," महालिंगप्पा म्हणाले आणि त्यांनी वाईट वाटून आणखी एक चहा मागवला.

त्या मंगळवारी कडूबाईनं गोष्ट सुरूच होऊ दिली नाही. "पास्टर, तुमचा देव समद्यांचं ऐकतो म्हनता. मंग दाखल्याचं बोला. आन् मोघम नको. तारीख घालून बोला."

रणधीरनं प्रार्थनेत आजवर तारीख घातली नव्हती. पण श्रीदेवी समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "प्रभू, तेरा ऑगस्टपर्यंत हा दाखला तू देशीलच."

आता दुसऱ्या कुठल्या गावात असं बोललेलं वाऱ्यावर गेलं असतं. या वस्तीत कागद नव्हता, त्यामुळं महत्त्वाचं बोलणं दगडावर उतरायचं. रणधीर अजून संदेष्ट्यांपर्यंत पोचला नव्हता, तोवर रेवणसिद्धनं वस्तीच्या तोंडाशी असलेल्या शिळेवर वीतभर खोल अक्षरांत कोरलं, 'तेरा ऑगस्टपर्यंत दाखला. बोलणार देव. जामीन पास्टर.'

रणधीरनं डोळे उघडले आणि वाचलं. "हे पुसता येईल का?" त्यानं विचारलं.

"येतं की," रेवणसिद्ध म्हणाला. "तीन-चारशे वर्षांनी आपोआप."

दिवस जायला लागले. रणधीरनं शेहेचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंतचा पट्टा बाभळीच्या काट्यांसकट पायांखाली घातला. दगड सापडेना. आठ तारखेला रेवणसिद्धनं त्याला बाजूला घेतलं.

"साहेब, येवढं काय जीवाला लावून घेताव? दगड घडवनं आमचं कामच हाय. उद्या सांजपर्यंत सत्तेचाळीस नंबर हुभा करतो. ताक चोळतो, शेनाच्या ढिगात दोन दिस पुरतो. सत्तर वर्षांचा म्हातारा दिसंल. तलाठी पाया पडंल त्याच्या."

रणधीरचा चेहरा पडला. पोरीचं वर्ष एकीकडं आणि शास्त्र दुसरीकडं. त्यानं सगळ्यांना बोलावलं आणि आयुष्यातलं सगळ्यात छोटं प्रवचन दिलं. "शास्त्रात हे स्पष्ट आहे. हद्दीचा दगड जो हलवील, त्याला शाप आहे. खोटा उभा करणंही तसंच. दाखल्यासाठीसुद्धा नाही. माझ्यानं होणार नाही."

कुत्रंसुद्धा जागं होतं. मग कडूबाईनं विचारलं, "हलवला तर शाप. आन् दळला तर?"

"दळला म्हणजे?"

"म्हंजी आमच्या मालकांस्नी तिकडं तरास हुत आसंल का, ते सांगा आदी."

आणि मग सगळं बाहेर आलं. कडूबाईचे वारलेले मालक धोंडीबा, म्हणजे तालुक्यातला पहिल्या नंबरचा जात्याचा कारागीर. लग्न ठरलं तेव्हा घडवलेली सगळी जाती विकून बसलेला. हळदीच्या आदल्या दिवशी आईच्या लक्षात आलं, की नवरीची हळद दळायला घरात जातं नाही. दुसऱ्याचं मागून आणायचं, तर पाथरवटाची काय अब्रू राहिली? खाणीत जाऊन दगड काढायला वेळ नव्हता. आणि समोर वस्तीच्या अंगणात एक काळाभोर दगड उभा होता, एकही रग, म्हणजे चीर, नसलेला, वर्षानुवर्षं काहीएक काम न करणारा. धोंडीबाला चांगला दगड रिकामा बसलेला बघवायचा नाही.

कडूबाईनं रणधीरला झोपडीत नेलं आणि जात्याची वरची तळी बाजूला केली. दोघा बाप्यांनी खालची तळी उलथी केली. पोटावर कोरलेलं होतं, ४७.

"पन्नासच्या वर वर्सं झाली," कडूबाई म्हणाली. "सरकारी माल, म्हनून तोंड उघडलं न्हाय. पर लई बारीक दळतं."

रणधीर खाली बसला. दोन राज्यांची हद्द या बाईच्या घरात रोज सकाळी गरागरा फिरत होती आणि वस्ती तिची भाकरी करून खात होती. "आजी," तो म्हणाला, "दगड सापडला, पण त्याची जागा कुठं होती?"

"ती सापडंल की. छिन्नी आसंल तिथं."

पाथरवटांची ही रीत रणधीरला नऊ वर्षांत कुणी सांगितली नव्हती, कारण त्यानं विचारली नव्हती. जमिनीतनं दगड उचलला की जागा रिकामी ठेवायची नाही. मूठभर ज्वारी आणि आपली एक झिजलेली छिन्नी तिथं पुरायची, म्हणजे जमीन मनात धरत नाही. आणि प्रत्येक कारागिराची छिन्नीवर खूण असते. धोंडीबाची खूण तीन आडव्या रेघांची.

दुसऱ्या दिवसापासून अख्खी वस्ती खणायला लागली. रणधीरनंही बाह्या वर केल्या. पहिल्या दिवशी एकोणतीस छिन्न्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस. तिसऱ्या दिवशी वस्ती अशी दिसत होती, की वरून विमानातनं कुणी बघितली असती तर चाळण वाळत घातलीय म्हणाला असता. पाच पिढ्यांनी जमिनीशी केलेला सगळा व्यवहार वर आला होता. दोन रेघांच्या होत्या, फुलीच्या होत्या, एकीवर मोर होता. तीन रेघांची नव्हती. श्रीदेवी पहाटेपासून खोरं चालवत होती.

बारा तारखेला रणधीर हाताला फोड घेऊन कडूबाईच्या चुलीपाशी चहाला बसला. चूल मोठी छान होती, जमिनीत नीट बसलेली, राखेला खोल जागा असलेली.

"आजी, ही चूल कुणी खणली?"

"खनली न्हाय. लग्न झालं, नवं खोपट घातलं, तर हितं आयता खड्डा व्हता. म्हनलं कशाला सोडा, वर चूल मांडली."

रणधीरनं चहा खाली ठेवला. रेवणसिद्धनं चूल उचलली. राखेखाली मातीत हातभर खाली, काळी पडलेली छिन्नी होती, तीन आडव्या रेघांची.

तेरा तारखेला दुपारी दोन वाजता दोन्ही तलाठी आले. जात्याचं पोट बघितलं, छिन्नी बघितली, शेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसकडं फोन धरून बघितलं, आणि चुलीवरून झोपडीच्या आरपार सुतळी ताणली. सगळं जुळलं. भीमाशंकरनी समाधानानं श्वास सोडला आणि मग सुतळीकडं नीट बघितलं.

चुलीची अर्धी बाजू महाराष्ट्रात होती, भाकरीचं टोपलं महाराष्ट्रात होतं. श्रीदेवीची बाज कर्नाटकात होती. दीड हात.

"घर कुनाचं म्हनायचं?" रेवणसिद्धनं विचारलं.

"दोघांचं," भीमाशंकर म्हणाले. "पर मानूस रहिवासी कुठला? जिथं झोपतो तिथला. जेवायला काय, मानूस कुठं बी जेवतो." त्यांनी बॅगेची चेन लावायला घेतली. "मला बी वाईट वाटतंय."

"म्हंजी ही आमची?" महालिंगप्पा घाबरून म्हणाले. "पंधरा वर्षांचे पुरावे..."

दाराबाहेर वस्तीच्या तोंडाशी ती शिळा उभी होती. वस्तीनं आधी शिळेकडं बघितलं, मग रणधीरकडं. रणधीरनं डोळे मिटले. आदामसुद्धा आठवेना. श्रीदेवीनं हातातलं खोरं भिंतीला टेकवलं, तेवढा आवाज त्याला ऐकू आला.

"पास्टर," कडूबाई म्हणाली, "तुमच्या येशूनं त्या लुळ्याला काय उचलाया सांगितलं व्हतं? दगड?"

रणधीरनं डोळे उघडले. "बाज," तो म्हणाला.

"मंग?"

रणधीर उठला. एका बाजूला तो, एका बाजूला रेवणसिद्ध. दोघांनी बाज उचलली आणि सुतळीला धक्का न लावता टोपल्याशेजारी ठेवली. शास्त्रात दगड हलवायला बंदी होती. बाजेला तर उलट परवानगी होती.

भीमाशंकरनी वाकून बाज आणि सुतळी यांच्यातलं अंतर बघितलं. "नियमात बसतंय," ते म्हणाले. "पर म्या डोळ्यांनं बघितल्याबिगर लिहीत न्हाय. हिला हितं झोपलेली बघायला पायजे. आन् पाचला मला मुरुमला मीटिंग हाय."

साडेतीन वाजले होते. श्रीदेवी बाजेवर आडवी झाली. चार दिवस खणून अंग मोडलं होतं, पण उशाशी दोन तलाठी, पायथ्याशी बाप, दारात सगळी वस्ती वाकून बघतेय, आणि डोळ्यांपुढं धाराशिवचं कॉलेज. झोप कसली येते? तिनं डोळे मिटले की पापण्या फडफडायच्या.

"झोपली का?" भीमाशंकर विचारायचे.

"न्हाय सर," श्रीदेवी डोळे मिटून सांगायची. पोरगी खोटं बोलणारी नव्हती.

चार वाजले. सव्वाचार झाले. कडूबाई रणधीरच्या कानाशी आली. "पास्टर, प्रार्थना करा."

"आता? दाखल्यासाठी?"

"कशासाठी बी करा. लांबची करा."

रणधीरनं तिच्याकडं बघितलं. मग दारातल्या लोकांकडं बघितलं. बायकांनी नजर चुकवली. रेवणसिद्ध छपराकडं बघायला लागला. नऊ वर्षांचे सगळे मंगळवार रणधीरच्या डोळ्यांपुढून हळूहळू गेले, मिटलेल्या डोळ्यांचे, खाली घातलेल्या मानांचे. कुत्र्यालाही त्यानं बघितलं. क्षणभर त्याला वाटलं, स्कूटर काढावी आणि सरळ धाराशिव गाठावं.

मग त्यानं बाजेवरच्या पोरीकडं बघितलं, दोन्ही हात जोडले आणि आदामापासून सुरुवात केली.

त्यानं काही वगळलं नाही. उलट कधी न घेतलेले सगळे मुलाचे मुलगे आणि नातवाचे नातू घेतले. जलप्रलयाच्या आधीच महालिंगप्पा कुडाला टेकून घोरायला लागले. मिसर देशातून निघेपर्यंत दारातली माणसं एकावर एक कलली. रेवणसिद्ध उभ्याउभ्या गेला. कडूबाईनं जात्यावर डोकं ठेवलं. रणधीरचा आवाज एका पट्टीत, ना वर ना खाली, चालत राहिला, आणि तो वाळवंटात चाळीस वर्षांपैकी अठ्ठाविसाव्या वर्षात असताना श्रीदेवीचा हात बाजेवरून खाली सुटला. ती गाढ झोपली होती, संपूर्ण महाराष्ट्रात.

भीमाशंकरनी एका हातानं आपला एक डोळा उघडा धरला आणि दुसऱ्या हातानं दाखला लिहिला. शिक्का नीट बसला. सही मात्र ओळीवरून घसरून कोपऱ्यात गेली आहे. कॉलेजवाल्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनला ती बराच वेळ बघितली आणि चालवून घेतली.

सुतळी अजून तिथंच आहे. वस्तीतल्या घरोघरी तशी ताणून झाली. बहुतेकांनी बाजा अलीकडं घेतल्या. रेवणसिद्धनं स्वतःची पलीकडंच ठेवली, सासुरवाडीचा मान म्हणून. जातं परत करावं का, असं कडूबाईनं विचारलं, तेव्हा दोन्ही तलाठ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि आपापल्या वहीत एकच शेरा मारला, 'दगड क्र. ४७ : जागेवर नाही. वापरात आहे.'

महिन्याच्या शेवटी रणधीरनं अहवाल लिहायला घेतला. 'प्रार्थनेचं फळ' या रकान्यात त्यानं आधी 'पेरणी' लिहिलं आणि खोडलं. खोटं त्याला लिहिता येत नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं, 'एकूण एकसष्ट जण झोपले. पैकी एक रहिवासी झाली.'